बिजागरी का गाते?

मे महिन्यात जालन्याला रात्री दीड-दोनच्या सुमारास वीज जाते, कूलर थांबतो आणि घराचे बारीकसारीक आवाज ऐकू येऊ लागतात. कुणीतरी पाणी प्यायला उठतं. इतरांची झोप मोडू नये म्हणून दार अगदी हळू, जपून ढकलतं आणि नेमकं तेव्हाच ते दार साऱ्या घराला जागं करील असं कर्रर्र ओरडतं. तेच दार दिवसा मुलं धाडकन उघडून पळतात तेव्हा बहुतेक वेळा गप्प असतं.

हळू उघडलं तर ओरडतं, जोरात उघडलं तर गप्प. हे उलटंच वाटतं. जास्त जोर लावला की जास्त आवाज व्हावा, असं आपलं मन सांगतं. पण दाराचं वागणं बरोबर आहे, आणि ते तसं का वागतं हे समजून घ्यायला माणसाला काही शतकं लागली.

आधी बिजागरी नीट पाहा. दोन पट्ट्या, त्यांच्या कडांना वळवून केलेल्या नळ्या, त्या नळ्या एकमेकींत बसवलेल्या आणि सगळ्यांतून आरपार गेलेली एक पिन. इतका साधा जिन्नस, पण त्याच्यावर भार केवढा असतो! समजा तुमचं सागवानी दार तीस किलोचं आहे, नव्वद सेंटिमीटर रुंद आहे आणि वरच्या-खालच्या बिजागऱ्यांत दीड मीटर अंतर आहे. गणित केलं तर वरच्या बिजागरीला चौकटीपासून दूर ओढणारा जोर सुमारे नऊ किलो वजनाइतका येतो. तेवढाच जोर खालच्या बिजागरीला चौकटीत दाबतो. शिवाय दाराचं उभं वजन आहेच. दार बंद असो की उघडं, दिवस असो की रात्र, पिन आणि नळी एकमेकींवर अशा रेटून बसलेल्या असतात.

आता सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यासारखं त्या पिनेकडे पाहू. बोटाला गुळगुळीत लागणारं लोखंड खरं तर डोंगरदऱ्यांचा प्रदेश असतं. पिन आणि नळी फक्त काही शिखरांवर एकमेकींना टेकतात. केंब्रिजचे फ्रँक बाऊडन आणि डेव्हिड टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं की दोन धातूंचा खरा स्पर्श दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या अगदी लहानशा अंशावर होतो. त्या टोकांवर दाब इतका प्रचंड असतो की धातू दबून पसरतो आणि शिखरं चक्क एकमेकांना सांधली जातात. म्हणजे दार बंद करून आपण झोपतो तेव्हा बिजागरीच्या आत असंख्य चिमुकले सांधे जुळलेले असतात, आणि दार जितका वेळ स्थिर राहील तितके ते थोडेथोडे घट्ट होत जातात. घर्षण विश्रांतीच्या काळाबरोबर वाढतं, हे शार्ल कूलाँ या फ्रेंच अभियंत्याने अठराव्या शतकातच टिपून ठेवलं होतं.

दार ढकललं की हे सांधे काही क्षण दाद देत नाहीत. पट्टी, स्क्रू, लाकूड किंचित वाकतात, ताण साठत जातो. मग सांधे तुटतात आणि पिन एकदम पुढे घसरते. घसरताना घर्षण कमी असतं, त्यामुळे साठलेला ताण झटक्यात मोकळा होतो. ताण संपला की पिन पुन्हा अडकते, पुन्हा सांधे, पुन्हा ताण. अडकणं आणि सुटणं. हे एका सेकंदात शेकडो, कधी हजारो वेळा घडतं, आणि दर वेळी दाराला एक धक्का बसतो. त्या धक्क्यांची रांग म्हणजे आपल्याला ऐकू येणारी कुरकुर.

हे अंतर किती लहान असतं याचा हिशेब करून पाहिला की थक्क व्हायला होतं. पिन सहा मिलिमीटर जाडीची धरा. दार काटकोनात उघडताना पिनेच्या पृष्ठभागावरून नळी पाच मिलिमीटरही सरकत नाही. दार दोन सेकंदांत उघडलं आणि आवाजाची कंपनं सेकंदाला हजार असली, तर त्या पाच मिलिमीटरच्या आत दोन हजार वेळा अडकणं-सुटणं झालं. एकेक उडी केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढी! एवढ्याशा उड्यांनी सबंध घर जागं होतं.

ते होतं, कारण बिजागरी एकटी ओरडत नाही. ती दाराला स्क्रूंनी जखडलेली असते, आणि दाराची रुंद फळी ते धक्के घेऊन खोलीभरची हवा हलवते. त्यात आपले कान साधारण दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतात, आणि कुरकुरीतल्या वरच्या सुरांचा बराचसा भाग नेमका तिथेच पडतो.

आता रात्रीच्या कोड्याचं उत्तर देता येईल. दार हळू ढकललं की प्रत्येक शिखराला अडकायला, सांधा जुळवायला वेळ मिळतो. जोरात ढकललं की पिन अडकण्याआधीच पुढे निघून जाते. अडकणं-सुटणं थांबतं, निव्वळ घसरणं उरतं, आणि घसरण्याला सूर नसतो. म्हणून रात्री पाणी प्यायला उठाल तेव्हा दार एका सलग, आत्मविश्वासाच्या हालचालीत उघडा. प्रयोग करून बघा, खरंच फरक पडतो.

हीच अडकण्या-सुटण्याची क्रिया आपण मैफिलीत पैसे देऊन ऐकतो. सारंगीचा किंवा व्हायोलिनचा गज तारेला धरून ओढत नेतो, तार काही अंतर त्याच्याबरोबर जाते, मग निसटून मागे येते, पुन्हा पकडली जाते. स्वराच्या प्रत्येक कंपनात एकदा पकड, एकदा सुटका. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी ही गती पहिल्यांदा उलगडली. पुढचं मोठं काम आपल्याकडे, कोलकात्यात झालं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांचं नाव आपण प्रकाशाच्या विकिरणासाठी आणि १९३० च्या नोबेलसाठी घेतो, पण त्याआधीची कित्येक वर्षं हा माणूस तारांच्या आणि वाद्यांच्या मागे लागलेला होता. १९१८ मध्ये त्यांनी गजाने वाजणाऱ्या तारेच्या कंपनांचा सविस्तर सिद्धांत मांडला. मग यंत्राने वाजणारं व्हायोलिन उभं केलं, म्हणजे गजाचा दाब आणि वेग हवा तसा ठेवून मोजता यावा. दाब फार कमी झाला तर तार गजाला धरत नाही, फार जास्त झाला तर सूर फाटतो. वादक ही मधली वाट वर्षानुवर्षांच्या रियाजाने हाताला शिकवतो. बिजागरीला रियाज नसतो, म्हणून ती बेसूर गाते. विज्ञान मात्र दोघींचं एकच.

फळ्यावर किंचाळणारा खडू, वळणावर रुळाला घासून चिरकणारी रेल्वेची चाकं, ओल्या बोटाने घुमणारी काचेची कड, ही सगळी त्याच घराण्यातली. आणि त्या घराण्यात एक अतिशय गंभीर नावही आहे. १९६६ मध्ये ब्रेस आणि बायर्ली या शास्त्रज्ञांनी सुचवलं की भूगर्भातले खडकही भेगेच्या दोन बाजूंना असेच अडकून राहतात, वर्षानुवर्षं ताण साठवतात आणि एका क्षणी घसरतात; भूकंप म्हणजे तो क्षण. मराठवाड्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं त्यात हजारो माणसं गेली. दाराच्या पिनेवर केसाच्या तिसाव्या भागाएवढी उडी, आणि जमिनीखाली कित्येक किलोमीटर लांबीचा खडक. प्रमाण वेगळं, पण अडकणं आणि सुटणं तेच. निसर्ग इतक्या थोडक्या नियमांत इतकं मोठं काम करतो, याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं.

बिजागरी येण्याआधी दारं फिरायची ती स्वतःच्याच खुंट्यांवर. दाराच्या कडेचं लाकूड वर आणि खाली थोडं पुढे काढायचं, खालची खुंटी उंबरठ्याच्या दगडातल्या खाचेत आणि वरची चौकटीच्या भोकात बसवायची. जुन्या वाड्यांत अशी दारं अजून सापडतात. त्यांचा आवाज बिजागरीसारखा चिरका नसतो. ती कण्हतात, कारण दार जड, लाकडी खुंटी नरम आणि उड्या संथ. मेसोपोटेमियात चार हजार वर्षांपूर्वी राजे दाराच्या अशा खाचेच्या दगडावर आपलं नाव कोरून ठेवत. लगशचा राजा गुडिया याच्या नावाचे दगड आज संग्रहालयांत आहेत.

आपल्याला तितकं लांब जायला नको. अजिंठा शेजारीच आहे. १ मे १९८१ ला जालना वेगळा जिल्हा झाला, त्याआधी जालना आणि अजिंठा एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होते. लेणी बघायला गेलात की चित्रांवरून नजर काढून क्षणभर भिक्खूंच्या कोठड्यांच्या दारांपाशी उभे राहा. लाकडी दारं केव्हाच नाहीशी झाली, पण त्यांच्या खुंट्या फिरायच्या ती भोकं दगडात आहेत. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्याची कित्येक दशकं अजिंठ्याला दिली. कोणती कोठडी आधी खोदली, कोणती नंतर, हे ठरवताना त्यांनी दार बसवण्याच्या पद्धतीत होत गेलेले बदल हा महत्त्वाचा पुरावा मानला. पद्मपाणीकडे सगळे बघतात. दाराच्या भोकातून इतिहास वाचणारा माणूस विरळा.

आता जालन्याकडे येऊ, कारण घर्षणाची दुसरी बाजू इथल्याइतकी उघड फार थोड्या गावांत दिसते. जालना म्हणजे बियाणं, मोसंबी आणि लोखंडी सळई. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याचे ठोकळे ओतले जातात आणि लालभडक तापलेला ठोकळा रोलिंग मिलच्या फिरत्या रोलांमध्ये शिरतो. त्याला आत कोण ओढतं? घर्षण. रोल त्याला पकडून ओढतात म्हणून तो दबतो, लांबतो, सळई होतो. पकड कमी पडली तर ठोकळा तोंडाशीच घसरत राहील, म्हणून गरजेप्रमाणे रोलांवर मुद्दाम खाचाही पाडतात. आणि त्याच रोलाच्या दोन्ही टोकांना, बेअरिंगमध्ये, घर्षण नको म्हणून वंगणाची अखंड सोय करावी लागते. एकाच रोलावर मधोमध घर्षण हवं आणि टोकांना नको! तयार सळईच्या अंगावरचे तिरके उंचवटे पुन्हा पकडीसाठीच, सिमेंट-काँक्रीटने सळई घट्ट धरावी म्हणून. तुमच्या घराची गंजकी बिजागरी उद्या भंगारवाल्याकडे गेली, तर ती याच वाटेने सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसू शकते.

गंज हा बिजागरीचा मोठा वैरी. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की तो सुरू होतो, आणि गंजाची जागा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असते. पिन आणि नळी यांच्यातल्या कागदभर फटीत तो फुगतो, पूड होते आणि ती पूड कानशीसारखी दोन्ही पृष्ठभाग खरवडते. आपल्याकडे आठ महिने कोरडी धूळ बिजागरीत शिरते आणि पावसाळ्याचे चार महिने तिला ओल मिळते. म्हणून न्हाणीघराचं आणि मागच्या अंगणाचं दार नेहमी आधी कुरकुरतं.

मग तेल. कुरकुर झाली की आपला हात स्वयंपाकघराकडे जातो, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. प्रत्येक तेलाचा स्वभाव वेगळा, आणि आपल्या मराठवाड्यातल्या तेलांचे स्वभाव तर फारच मनोरंजक आहेत.

करडईचं तेल घ्या. आपल्या भागाचं हे जुनं, लाडकं तेल. त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं, रेणू एकमेकांत गुंततात आणि तेल हळूहळू चिकट होऊन वाळतं. जवसाचं तेल याहूनही वेगाने वाळतं. युरोपातले चित्रकार तैलरंगांत जवस वापरतात ते याच गुणासाठी, आणि पांढऱ्या रंगासाठी करडई, कारण ती कमी पिवळी पडते. कॅनव्हासवर जे वरदान, ते बिजागरीत संकट. महिन्या-दोन महिन्यांत पिनेभोवती धूळ धरलेला डिंक तयार होतो आणि दार पहिल्यापेक्षा वाईट ओरडतं.

खोबरेल वाळत नाही, पण ते चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबर-जानेवारीत जालन्याचा पारा पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा बाटलीत जे होतं तेच बिजागरीतही होतं. शेंगदाण्याचं तेल काही दिवस काम देतं, मग खवट होऊन चिकटायला लागतं.

आणि एरंडेल! शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एरंडाच्या बियांचं हे घट्ट तेल. बैलगाडीच्या आसाला आपले आजोबा-पणजोबा वंगण घालायचे त्यात एरंडेलाला मान होता, आणि त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. एरंडेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास रिसिनोलिक आम्ल असतं. त्याच्या रेणूवर असलेल्या एका जादा गटामुळे रेणू एकमेकांना आणि धातूला घट्ट धरून राहतात. तेल दाट राहतं, दबावाखाली पिळून निघून जात नाही, आणि करडईसारखं वाळतही नाही. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची इंजिनं एरंडेलावर चालली. कॅस्ट्रॉल हे नाव इंग्रजीतल्या एरंडाच्या नावावरूनच आलं. आसाला वंगण घालणाऱ्या शेतकऱ्याने आणि विमानाच्या अभियंत्याने वेगवेगळ्या वाटांनी एकच तेल निवडलं होतं.

वंगण नेमकं करतं काय? तेलाच्या रेणूचं एक टोक धातूला चिकटतं आणि शेपट्या बाहेर उभ्या राहतात. पिनेवर असा थर, नळीवर असा थर. मग शिखरं शिखरांना भिडत नाहीत, शेपट्या शेपट्यांवरून सरकतात. सांधाच जुळत नाही, तर तुटणार काय? एका रेणूच्या जाडीचा थरसुद्धा घर्षण बरंच खाली आणतो. म्हणून तेल ओतायची गरज नसते, ते योग्य जागी पोचणं महत्त्वाचं.

हार्डवेअरच्या दुकानातला फवाऱ्याचा डबाही अनेकजण आणतात. डब्ल्यूडी-४० चा जन्म १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला झाला, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण म्हणून नावात चाळीस. ते बनवलं होतं ओल हटवून गंज रोखण्यासाठी, आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यासाठी ते वापरलं गेलं. जाम बिजागरी सोडवायला ते उत्तम. पण त्यातला द्रावक उडून जातो आणि मागे फार पातळ थर उरतो, म्हणून माझ्या मते ते साफसफाईपुरतं वापरावं आणि त्यानंतर खरं वंगण द्यावं.

आता कामाला हात घालू. आधी आवाज कुठल्या बिजागरीचा ते शोधा. एकाने दार हळूहळू हलवायचं, दुसऱ्याने एकेका बिजागरीवर बोट ठेवायचं. जिथे बोटाला थरथर जाणवेल ती दोषी. कधीकधी आवाज बिजागरीचा नसतोच: पावसाळ्यात लाकूड फुगून चौकटीला घासतं. घासल्याची चकाकी कडेवर दिसते. तिथे तेल लावू नका, लाकूड ते पिऊन टाकतं. मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा, आणि रंधा मारायचाच असेल तर दिवाळीनंतर, लाकूड आटल्यावर मारा.

मग स्क्रू तपासा. सैल स्क्रूने दार कलतं, पिन नळीत तिरकी दाबली जाते, आणि कितीही तेल घातलं तरी कुरकुर परत येते. भोक मोठं झालं असेल तर त्यात गोंद लावून लाकडाची काडी ठोका, वाळू द्या, मग स्क्रू आवळा.

पिन निघणारी असेल तर दाराखाली पाचर घालून भार उचला आणि एका वेळी एकच पिन काढा. सगळ्या एकदम काढल्यात तर दार अंगावर येईल. पिन बारीक पॉलिश पेपरने घासा, पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या, परत बसवा. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त लोखंडी बिजागऱ्यांची पिन मात्र दोन्ही टोकांना ठोकून पक्की केलेली असते. तिथे नळ्यांच्या जोडांवर पातळ तेल सोडा, दार वीस-तीसदा पूर्ण उघडा-मिटा. काळपट-तांबूस मळ बाहेर येईल तो फडक्याने पुसा. मळ येणं थांबेपर्यंत हेच करत राहा. अधीर माणसं ही पायरी गाळतात आणि गंजाच्या पुडीत तेल मिसळून घासण्याची लुगदी तयार करतात. स्वच्छ तेल येऊ लागलं की शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब किंवा थोडं एरंडेल द्या. शिलाई मशीनचं तेल खनिज असतं, वाळत नाही, गोठत नाही, आणि बहुतेक घरांत असतंच.

दिवाळीत रंगकाम करणाऱ्याला बिजागरीवर कागदी चिकटपट्टी लावायला सांगा. नळ्यांच्या फटीत शिरलेला ऑइल पेंट काढणं फार जिकिरीचं असतं. नवं दार करणार असाल तर पितळी पट्ट्या आणि पोलादी पिन, किंवा नळ्यांत नायलॉनची चकती असलेली बिजागरी मागा. सारख्या धातूंपेक्षा वेगळे धातू एकमेकांना कमी सांधले जातात, आणि सुतार सांगेल त्या थोड्या जादा पैशांची भरपाई पुढची कित्येक वर्षं शांततेत होते.

हे काम मृग लागण्याआधी करा. सात जूनच्या आधीच्या एखाद्या रविवारी, बिजागऱ्या कोरड्या असताना, घरातली सगळी दारं एका दमात होतात. वर्षातून एकदा एवढं पुरतं. मुलांना बोट ठेवून थरथर शोधायला लावा आणि सुरुवात त्या खोलीपासून करा जिथे घरातलं सर्वांत म्हातारं माणूस झोपतं. रात्री सर्वांत जास्त वेळा उठावं लागतं ते त्यांनाच.